तिसरा दरवाजा की वेगळा पाणवठा?

१

दर वर्षी २० मार्चला आमच्या तालुक्यातून महाडला गाडी जाते. दोन-तीन वर्षांमागे त्या गाडीत एक तृतीयपंथी कार्यकर्ती होती. वस्तीतल्या सभांना येणारी, पत्रके वाटणारी, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारी. पहाटे निघालेली गाडी वाटेत तीन ठिकाणी थांबली. पुरुष एका बाजूला गेले, बाया दुसऱ्या बाजूला गेल्या. ती गाडीतच बसून राहिली. चवदार तळ्यावर पोचल्यावर सगळ्यांनी ओंजळीने पाणी घेतले. तिने बोट बुडवून ओठांना लावले आणि हात पुसला. मी सहज विचारले, "एवढंसंच?" ती म्हणाली, "सर, सकाळपासून पाणी प्यायलेच नाही. प्यायले तर जायचं कुठं?"

पाण्याच्या हक्काच्या स्मृतिदिनाला आलेले एक माणूस दिवसभर पाणी टाळते, आणि त्याच्या बाजूला बसलेल्या आम्हा चाळीस माणसांच्या ते लक्षातही येत नाही. आयोजक आम्हीच होतो. गाडी कुठे थांबवायची हे आम्हीच ठरवले होते. तेव्हा या लेखात जी टीका आहे तिची सुरुवात आपल्या घरापासून आहे, हे आधीच नमूद करतो.

सार्वजनिक ठिकाणी तृतीयपंथी माणसाने लघवीला कुठे जावे, हा प्रश्न साहित्य आणि विचाराच्या नियतकालिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. दलित साहित्याने पाणवठा, मसणवटा, उकिरडा आणि चहाच्या दुकानातली बाहेर टांगलेली कपबशी यांना साहित्याचा विषय केले, तेव्हाही प्रस्थापित समीक्षकांनी हेच विचारले होते. आज तो प्रश्न आपल्यातूनच येत असेल, तर आपण कुठे येऊन बसलो आहोत हे तपासले पाहिजे.

२

अस्पृश्यता ही केवळ मनातली घृणा कधीच नव्हती. ती जागेची व्यवस्था होती. कोणी कुठे राहायचे, कोणत्या घाटावर उतरायचे, कोणत्या दाराने आत यायचे, हे ठरवणारी ती यंत्रणा होती. म्हणून आपल्या साहित्यातील मूळ अनुभव बहुतेक वेळा एखाद्या दारापाशी घडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहावे लागले. खरी ओळख कळताच लाठ्या घेतलेली माणसे दारात येऊन उभी राहिली आणि जागा सोडावी लागली. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायकही डोके टेकायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. या दोन्ही प्रसंगांत माणसाला मिळणारी जागा त्याच्या ओळखीवर टांगलेली आहे. ओळख चोरली तर दार उघडते, सांगितली तर बंद होते.

सार्वजनिक शौचालयाच्या दारातला तृतीयपंथी माणूस याच कोंडीत असतो. पुरुषांच्या बाजूला गेले तर चेष्टा, अंगचटीला येणे, कधी मारहाण. बायकांच्या बाजूला गेले तर आरडाओरडा. 'पैसे द्या आणि वापरा' पद्धतीच्या शौचालयात तर दाराशीच टेबल असते. त्या टेबलावर बसलेला माणूस वर-खाली बघतो आणि तुम्ही कोण ते ठरवतो. त्याच्या हाती कोणताही अधिकार नसतो, पण त्या क्षणी तोच तलाठी, तोच पाटील. ज्या तृतीयपंथी व्यक्तीला साध्या शर्ट-पँटमध्ये, आवाज दाबून, मान खाली घालून आत जाता येते ती जाते. बागुलांच्या नायकाने जात चोरली, हिने लिंग चोरले. चोरी करायला लावणारा समाज मात्र दोन्हीकडे साव राहतो.

जन्माने मुलगी ठरवली गेलेली, पण पुरुष म्हणून जगणारी पारलिंगी माणसेही आहेत. आपल्या चर्चेत त्यांचे नावसुद्धा येत नाही. त्यांना पाळी येत असेल तर पुरुषांच्या मुतारीत आडोसा नाही, पाणी नाही, कचऱ्याची टोपली नाही. 'तृतीयपंथी' म्हटले की टाळी वाजवणारी साडीतली व्यक्तीच डोळ्यांपुढे येते, हा आपल्या नजरेचा दोष आहे. 'तृतीय' या शब्दातच पहिला आणि दुसरा कोण हे आधी ठरलेले असते, असा आक्षेप घेणारेही त्यांच्यात आहेत, आणि तो आक्षेप वर्णक्रमाचा अनुभव असलेल्यांना समजायला जड जाऊ नये.

ही माणसे मग काय करतात? पाणी कमी पितात. तासन्‌तास दाबून धरतात. अंधार पडण्याची वाट बघतात. मूत्रमार्गाचे आजार त्यातूनच येतात. वस्तीतल्या आपल्या आया-बहिणींना हे नव्याने सांगायला नको. पहाटे उजाडण्याआधी आणि रात्री अंधार पडल्यावरच बाहेर जाण्याची सक्ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

३

या माणसाला मराठी साहित्याने कुठे जागा दिली? प्रस्थापित साहित्यात तो बहुधा विनोदापुरता किंवा किळस उत्पन्न करण्यापुरता येतो. राजन गवस यांनी 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांतून देवाला सोडलेल्या जोगतिणीचे आणि जोगत्याचे जिणे मांडले. त्या लेखनाचे मोल मोठे आहे. धर्माच्या नावाखाली माणसाच्या देहाचा आणि लिंगभावाचा कसा बळी घेतला जातो हे त्यातून दिसले. तरीही जोगत्याचे ते जग देवीच्या डोंगराशी बांधलेले आहे. शहरातल्या स्थानकावर, कचेरीत, महाविद्यालयात नागरिक म्हणून उभा राहणारा पारलिंगी माणूस तेथे अजून आलेला नाही.

वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ मध्ये आले. मराठी मध्यमवर्गीय वाचकाने हिजडा या शब्दाची पहिल्यांदा सरळ नजरेने ओळख करून घेतली ती या पुस्तकामुळे, हे श्रेय नाकारता येणार नाही. पण जातीच्या उतरंडीत खाली असलेल्या तृतीयपंथीयांचा अनुभव त्यात येणे शक्य नव्हते, कारण तो लेखिकेचा अनुभव नाही. तो शोधायचा तर तामिळनाडूतील दलित पारलिंगी स्त्रिया लिव्हिंग स्माइल विद्या आणि ग्रेस बानू यांच्याकडे जावे लागते. विद्या यांचे आत्मकथन २००७ मध्ये तमिळमध्ये प्रसिद्ध झाले. ग्रेस बानू यांनी तृतीयपंथीयांना समांतर आरक्षण मिळावे, म्हणजे जातीनुसार मिळणाऱ्या प्रत्येक गटाच्या आत स्वतंत्र वाटा मिळावा, अशी मागणी लावून धरली आहे. दलित तृतीयपंथी व्यक्तीला जात की लिंग यांपैकी एकाची निवड करायला लावू नका, हा त्या मागणीचा गाभा आहे. महाराष्ट्रात दिशा पिंकी शेख यांनी 'कुरूप' या कवितासंग्रहातून आणि चळवळीच्या व्यासपीठावरून हा आवाज उठवला आहे.

आता आपल्या स्वतःच्या साहित्याकडे वळू. 'बलुतं'पासून 'आयदान'पर्यंतच्या आत्मकथनांनी महाराष्ट्राला लाज वाटायला लावली. पण वस्तीत आपल्या शेजारीच राहणारे, आपल्याच घरांतून हाकलले गेलेले तृतीयपंथी आपल्या लेखनात बहुधा पार्श्वभूमी म्हणून येतात. वस्तीचे बकालपण दाखवायचे, तर दारूचा गुत्ता, वेश्यावस्ती आणि हिजडा ही नावे एका ओळीत येतात. ज्यांनी स्वतःला वर्णन करण्याचा हक्क सवर्ण लेखकाच्या हातून हिसकावून घेतला, त्यांनी दुसऱ्याला देखावा म्हणून वापरावे हे शोभणारे नाही. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने पिळले जाणारे सगळे आणले होते. ती व्याख्या आपण सभेत अभिमानाने सांगतो. लिहिताना ती कुठे जाते?

आकड्यांनीही हे नाते सांगितले आहे. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद झालेल्यांची संख्या ४ लाख ८७ हजार ८०३ होती. त्यांत अनुसूचित जातींचे ७८ हजार ८११. म्हणजे जवळजवळ दर सहा जणांत एक आपला. इतिहासातही नाते आहे. पारधी, कैकाडी, भामटे यांना पुढे ज्या कायद्याच्या जाळ्यात ओढले गेले, त्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठीच होता. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद झालेल्याने सार्वजनिक जागी बायकी वेषात दिसले किंवा नाचगाणे केले तर वॉरंटाशिवाय अटक करायची, अशी त्यात तरतूद होती. सार्वजनिक जागेवर यांचा वावरच गुन्हा, ही समजूत तेव्हा कायद्याने घट्ट केली. तो भाग पुढे रद्द झाला, समजूत राहिली.

४

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, विहीर, तळे, नळ, घाट, स्मशान यांच्या जोडीला सार्वजनिक शौचालयाचाही स्पष्ट उल्लेख केला. अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथे अडवणे हा गुन्हा ठरला. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून मज्जाव करण्यास बंदी घातली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल देताना या अनुच्छेदातील 'लिंग' या शब्दात लिंगभावाची ओळखही येते असे मानले. चवदार तळ्याच्या मागणीतील तत्त्व तृतीयपंथीयांपर्यंत पोचले, ते या वाटेने.

त्याच निकालात न्यायालयाने सरकारांना तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालये बांधण्याचा आदेश दिला. २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तृतीयपंथी व्यक्तींना पुरुषांचे किंवा स्त्रियांचे, त्यांना हवे ते शौचालय वापरू द्यावे असे म्हटले. २०१९ मध्ये कायदा आला. २०२० च्या नियमांनी आस्थापनांतील स्वच्छतागृहांसह काही सोयी दोन वर्षांत उभ्या करण्यास सांगितले, आणि स्त्री-पुरुष भेद नसलेल्या शौचालयांसारख्या सोयींचा तपशील प्रत्येक आस्थापनेच्या समान संधी धोरणात असावा असे म्हटले. ती दोन वर्षे २०२२ मध्ये संपली. आपल्या तालुक्याच्या कचेरीत, स्थानकावर, महाविद्यालयात जाऊन काय बदलले ते वाचकांनी स्वतः पाहावे.

महाडचा इतिहास इथे पुन्हा आठवावा लागतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. तरी १९२७ पर्यंत तेथे ओंजळ भरली गेली नाही, आणि भरली तेव्हा डोकी फुटली, तळे पंचगव्याने 'शुद्ध' झाले आणि उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क पायाने चालत जाऊन घ्यावा लागतो.

५

पण नेमका कोणता हक्क घ्यायचा? वर दिलेल्या आदेशांत एक विसंगती आहे आणि तिच्यावरच चळवळीत वाद व्हायला हवा. २०१४ चा आदेश स्वतंत्र शौचालय म्हणतो. २०१७ ची सूचना निवडीचे स्वातंत्र्य म्हणते. २०२० चे नियम सर्वांना वापरता येईल अशा शौचालयाकडे बोट दाखवतात. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारांना आणि नगरपालिकांना पहिली गोष्ट सोपी वाटते. भोपाळला मंगलवारा भागात २ ऑक्टोबर २०१७ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते तृतीयपंथीयांसाठी खास शौचालयाचे उद्‌घाटन झाले. त्यानंतर इतर शहरांतही अशी शौचालये उभी राहिली. फीत कापायला, छायाचित्राला ते बरे. पण शहरात एक शौचालय बांधले म्हणजे उरलेल्या शेकडो शौचालयांत 'तुमचे तिकडे आहे' असे म्हणायची सोय होते. वेगळी विहीर खोदून देतो, आमच्या पाणवठ्यावर येऊ नका, असे सांगणारा गाव आपण ओळखतो. वेगळ्या विहिरीचे पाणी गोडही असेल, परंतु तिच्यामुळे विटाळाची समजूत पक्की होते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत पेट्रोल पंपांवर आणि स्थानकांवर अनेक ठिकाणी तीन दारे असत. एक गोऱ्या पुरुषांचे, एक गोऱ्या स्त्रियांचे आणि तिसरे 'काळ्यांचे'. तिसऱ्या दारामागे काळा पुरुष आणि काळी स्त्री असा भेदही करण्याची गरज व्यवस्थेला वाटली नाही. ज्यांच्याकडून पँथरने नाव घेतले त्यांच्या इतिहासातले हे तिसरे दार आपण विसरता कामा नये.

तरीही या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती तृतीयपंथी समाजातूनच मांडली जाते. काही जणी म्हणतात, "तत्त्वाचं नंतर बघू. आज पुरुषांच्या बाजूला गेले तर अंगावर हात पडतो. मला कडी लागणारं दार द्या, पाटी काही का असेना." या म्हणण्याला पुस्तकी उत्तर देऊन चालणार नाही. रोज मार खाणाऱ्याने आसरा मागितला तर त्याला समतेचा पाठ शिकवणे हा निर्दयपणा आहे. पण आसरा आणि हक्क यांतला फरक मागणीच्या कागदावर स्पष्ट असावा. वेगळे शौचालय मिळाले तर वापरावे, मात्र ते दुसऱ्या कोणत्याही दारात अडवण्याचे कारण होता कामा नये.

स्त्रियांची भीती हा याहून नाजूक मुद्दा आहे. सार्वजनिक शौचालयासाठी सर्वांत मोठी लढाई स्त्रियांनीच केली आहे. मुंबईत २०११ पासून कोरो आणि इतर संघटनांच्या पुढाकाराने 'राइट टू पी' मोहीम चालली, ती बायकांना मोफत आणि सुरक्षित मुतारी मिळावी म्हणून. पुरुषाला फुकट आणि बाईला पैसे, हा अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. या बायकांना 'आमच्या बाजूला कोणीही येईल का?' असे वाटले तर त्यांना मागासलेल्या म्हणून हिणवू नये. परंतु त्यांचा छळ करणारा कोण आहे? तुटक्या कडीच्या फटीतून बघणारा, अंधारात वाट अडवणारा पुरुष. साडी नेसून आडोसा शोधणारी तृतीयपंथी त्याच पुरुषाला भिऊन आलेली असते. दोघींना एकाच गोष्टीची गरज आहे. वरपासून खालपर्यंत बंद होणारे दार, आतून लागणारी कडी, दिवा, पाणी, टोपली. अशा एकेकट्या खोल्या असतील तर बाहेर स्त्री, पुरुष, तृतीय अशी कोणतीच पाटी लावण्याची गरज उरत नाही. अपंग व्यक्तीला मदतीला घेऊन येणारा जोडीदार, लहान मुलीला घेऊन आलेला बाप, म्हाताऱ्या आईला धरून आणणारा मुलगा, यांनाही त्याच दाराचा उपयोग होतो. लिंगनिरपेक्ष शौचालय म्हणजे बायकांची जागा कमी करणे नव्हे. बायकांच्या खोल्या आहेत त्या राहाव्यात, वाढाव्यात, आणि त्यांच्या जोडीला ही सर्वांची दारे यावीत.

६

एक प्रश्न या चर्चेत कोणी विचारत नाही, तो आपणच विचारला पाहिजे. ही नवी शौचालये साफ कोण करणार? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ मध्ये आणि २०१३ मध्ये झाले. तरी झाडू आणि बादली अजून बहुतांशी त्याच जातींच्या हाती आहे. टेबलावर बसून तृतीयपंथी माणसाला परत पाठवणारा पुष्कळदा आपल्याच वस्तीतला, ठेकेदाराच्या तुटपुंज्या पैशांवर राबणारा असतो. एक बहिष्कृत दुसऱ्या बहिष्कृताला दारातून हाकलतो आणि ज्याने व्यवस्था रचली तो दूर उभा राहून बघतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते हेच. म्हणून मागणी दाराची करताना दार धुणाऱ्याच्या पगाराची, हातमोज्यांची आणि कायम नोकरीची मागणी त्याच कागदावर आली पाहिजे. नाही तर आपण आपल्याच बहिणीच्या डोक्यावर आणखी एक बादली देऊ.

आणि 'यांना समाजात मान आहे' या युक्तिवादापासून सावध राहावे. मूल झाले, लग्न झाले की हिजड्याचा आशीर्वाद लागतो. २०१५ मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला, कुंभमेळ्यात मिरवणुका निघाल्या. गावगाड्यात महारालाही मान होता, सणावाराला, लग्नकार्याला. तो मान घेऊन महाराला विहिरीवर जाता आले नाही. ज्या घरात आशीर्वाद घेतला जातो त्या घराचे न्हाणीघर आशीर्वाद देणारीला उघडत नाही. आपल्याला मान नको आहे, नागरिकाचा हक्क हवा आहे.

तेव्हा सुरुवात कुठून करायची? आपल्या संस्थांची महाविद्यालये, वसतिगृहे, बुद्धविहारे आणि वाचनालये आपल्या हातात आहेत. त्यांसाठी न्यायालयाची वाट बघावी लागत नाही. शिक्षकांनी आपल्या शाळेतले एक बंद होणारे शौचालय पाटी न लावता सर्वांना खुले करावे. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे समान संधी धोरण मागून वाचावे आणि त्यात काय लिहिले आहे ते प्राचार्यांना विचारावे. कार्यकर्त्यांनी नगरपालिकेच्या ठेक्यात 'लिंगावरून कोणास अडवू नये' ही अट घालून घ्यावी. लेखकांनी या माणसांविषयी लिहिण्याआधी त्यांना लिहायला पाने द्यावीत.

आमच्या गाडीची यंदाची बैठक झाली तेव्हा वाटेतल्या थांब्यांची यादी आधी केली. प्रत्येक थांब्यावर कोणाला कुठे जाता येईल, हे दोघांनी आधी जाऊन पाहून यायचे ठरले. त्या दोघांत तीही होती. काम लहान आहे. १९२७ मध्येही काम एका ओंजळीएवढेच होते.